रणजाई उतरेपर्यंत

आधी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जायची. सावकाश, डोळे मिटून, चिमटीत काहीतरी ऊन ऊन असल्यासारखी. मग डोळे उघडायचे आणि निकाल लागायचा. बहुतेक वेळा, "धरंना अजून." फार क्वचित, "धरलं."

हा निकाल कशावरही लागे. चहावर, कीर्तनावर, नव्या तलाठ्यावर, शेजारच्या घरात आलेल्या सुनेवर. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी एकदा तासभर भाषण केलं. सगळे माना डोलावत होते आणि मागच्या बाकावर ती दोन बोटं घासली जात होती. अध्यक्षांना ती दिसली. ते बिचारे आणखी वीस मिनिटं बोलले, तरी बोटं थांबेनात. शेवटी ठसका लागल्याचं निमित्त करून ते खाली बसले.

ही बोटं ज्यांची, ते गृहस्थ गुळवे होते. आडनावानं नव्हे, कामानं. तुमच्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी डोळ्यांपुढे आणा. खोलीएवढी रुंद काहील, तिच्यात फुगे काढत उकळणारा उसाचा रस, भोवती घामाघूम झालेली दहा माणसं, आणि काठावर एकटाच कोरडा उभा असलेला एक जण. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत मळतो आणि गोळी धरली की हात वर करतो. हात वर झाला की काहील उतरते. हात जरा लवकर गेला तर गूळ चिकट. जरा उशिरा गेला तर काळा. वर्षभर राबून पिकवलेला ऊस त्या दोन बोटांच्या हवाली असतो. आष्ट्याच्या आसपास यांच्या बोटांसाठी शेतकरी आधीच आपापला दिवस लावून ठेवत. नाव मुद्दाम सांगत नाही. त्यांची लेक आहे, आणि तिचा मला अजून धाक आहे.

मी त्या वेळी बावीस वर्षांचा होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती. आष्ट्याच्या एका चिमुकल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, म्हणजे कुलूप उघडत होतो, झाडत होतो आणि उरलेल्या वेळात कवी होतो.

गुळवे वाचायला शिकले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर. गुऱ्हाळात पाय मोडला आणि मिरजेच्या इस्पितळात तीन महिने पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना शिकवल्याशिवाय झोप येत नसे आणि यांना हलता येत नव्हतं. पाय थोडा वाकडा जुळला, पण बाराखडी सरळ जुळली. घरी आले ते थेट माझ्याकडे.

"मास्तर, पोथी नगं. देवाचं समदं ठावं हाय मला. ज्याचं फुडं काय हुनार ते ठावं न्हाई, आसं द्या."

मी खोडसाळपणानं कुमारांसाठी निघणाऱ्या एका मालेचा पहिला भाग त्यांच्या हातात ठेवला. नऊ भागांची माला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी. काळ जुना, किल्ल्यांचा आणि घोडदौडींचा, पण इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारा. गडकऱ्याची पोर रणजाई, वय चौदा. हिला गडाचे दगड बोललेले ऐकू येतात. तिची घोडी भिंगरी आंधळी आहे, आणि रणजाई दगडांचं ऐकून तिला वाट सांगते. मागावर मांत्रिक अघोरभट्ट; याच्याजवळ अशी किल्ली की ती कुठल्याही गडाचा दरवाजा उघडते. मला वाटलं होतं, मिशा पिळत परत आणतील आणि म्हणतील, पोरखेळ हाय.

चौथ्या दिवशी ते आले. पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं. बाकावर बसले, बोटं घासली आणि पुस्तक उलगडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, त्या पोरीला आई न्हाई वो."

तिथून सगळं बिघडत गेलं.

दुसऱ्या भागात अघोरभट्टाचं चित्र होतं. ते पान यांनी दोऱ्यानं शिवून टाकलं. मी रागावलो तर म्हणाले, वाचताना तो बघत असतो, नीट लक्ष लागत न्हाई. चौथ्या भागात रणजाईला ताप भरला. गुळवे सकाळी सकाळी देवीचा अंगारा घेऊन वाचनालयात हजर. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, बरोबर तिच्या कपाळावर, त्यांनी तो लावला, आणि मगच पान उलटलं. पाचव्या पानावर ताप उतरला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही बोलण्याच्या भानगडीत पडलो नाही. तो करडा डाग पुढे कुणाला पुसता आला नाही.

सहावा भाग ते काहिलीच्या काठावर उभे राहून वाचत होते. भिंगरीला शत्रूच्या पागेत नेऊन बांधलं, आणि इकडे हात वर व्हायचा तो झालाच नाही. एका काहिलीचा गूळ अघोरभट्टाच्या तोंडासारखा निघाला. ऊसवाला शेतकरी ओरडायला लागला तर गुळव्यांनी त्याला पुस्तक दाखवलं आणि विचारलं, "तुजी बैलं कुनी आशी नेली आस्ती, तर तू गूळ बघत बसला आस्तास व्हय रं?" शेतकऱ्यानं पुस्तकात डोकावलं. मग त्यानं विचारलं, घोडी सुटली का? पुढची दोन पानं दोघांनी मिळून वाचली.

आणि मग आठवा भाग आला.

आठव्या भागाच्या शेवटी अघोरभट्ट किल्लीनं शेवटचा दरवाजा उघडतो. रणजाईच्या पाठीमागे मशाली, पुढे कडा, कड्याखाली धुकं. ती भिंगरीच्या कानात काहीतरी सांगते आणि घोडी झेप घेते. पान संपतं. खाली बारीक अक्षरांत, पुढील भाग लवकरच.

लवकरच कसलं आलंय. मी प्रकाशकांना कार्डावर कार्डं पाठवली. पुण्याहून एकच उत्तर आलं: लढाईमुळे कागद मिळत नाही, नववा भाग केव्हा निघेल सांगता येत नाही. मी ते कार्ड गुळव्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे कागुद ईस्तवर ती पोरगी अशीच वर?"

"अशीच," मी म्हणालो.

ते उठले आणि सरळ देवीच्या देवळात गेले. तिथे काय झालं ते मला गुरवानं सांगितलं. यांनी नारळ ठेवला आणि नवस बोलले: रणजाई खाली सुखरूप उतरेपर्यंत गोड बंद. गुरव सरळ माणूस. त्यानं विचारलं, मुलगी कुणाची, गाव कुठलं? हे म्हणाले, गडावरची हाय, आई न्हाई. गुरवाला वाटलं, नात्यातली असेल. त्यानं देवीला तसंच सांगितलं.

आता विचार करा. गवळ्यानं दूध सोडावं किंवा वाण्यानं मीठ सोडावं, तसं गुळव्यानं गोड सोडलं. बोटांनी गोळी कळते हे खरं, पण निघालेल्या गुळाचा पहिला खडा गुळव्याच्या जिभेवर जातो, आणि दुसऱ्या दिवशीची काहील तो त्या खड्यावरून लावतो. गुळवे आता तो खडा दुसऱ्याच्या तोंडात घालत आणि उलटतपासणी घेत. जिभेच्या शेंड्याला लागतंय का मुळाला? आधी गोड का आधी खारट? गिळल्यावर काय वाटतंय? सगळी माणसं गूळ खाऊन खाऊन कंटाळली. एक जण तर शपथेवर सांगू लागला की काहीच वाटत नाही. गुळव्यांचा बोटांवरचा विश्वास डळमळू लागला. हात कधी लवकर वर जाऊ लागला, कधी उशिरा. शेतकरी माझ्याकडे आले. गुळव्यांकडे नव्हे, माझ्याकडे.

"मास्तर," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "तुमच्या त्या पोरीला तेवढं कड्यावरनं खाली घ्या. ऊस वाळाय लागलाय."

मी गुळव्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, अहो, देवीला खरं सांगा, ती समजून घेईल. ते दुखावले. "काय सांगू? पोरगी कागदाची हाय म्हनून? तापाच्या येळंला तिनं इचारलं न्हाई, आन् आता मी सांगू?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा.

गुळाचं एकवेळ निभावलं असतं. पण एके दिवशी त्यांची लेक वाचनालयात आली. आई लहानपणीच गेलेली; ही सातवीपर्यंत शिकलेली, सरळ नाकाची, सरळ बोलण्याची. वडिलांची पुस्तकं पुष्कळदा तीच परत आणून द्यायची, आणि आणण्याआधी वाचायची. तिनं दार पुढे ओढलं आणि उभ्या उभ्याच मला हकीकत सांगितली.

विट्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा दूर परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात होता. मुलाचा बाप आयुष्यभर तेच काम करून गावी परतलेला. जे भट्टीतून काढून तपासलं नाही ते खरं मानायचं नाही, असा माणूस. पाहण्याच्या कार्यक्रमात सगळं जुळलं. मग पाहुण्यांपुढे गूळ-खोबरं आलं, आणि पोरीच्या बापानं ताटलीला हात लावला नाही. पाहुण्यांनी आग्रह केला. हे म्हणाले, माझं गोड बंद हाय. का, ते सांगेनात. पाहुणे गाडीत बसताना म्हणाले की आठ दिवसांनी सुपारी फोडायला येतो. पण पोरीच्या बापानं त्या दिवशी तोंड गोड केलं नाही, तर हे लग्न त्यांच्या मनात नाही असं आम्ही समजू आणि उठून जाऊ.

"मग त्यांना नवसाचं सांगायचं," मी म्हणालो.

"काय सांगायचं, मास्तर? बापानं पुस्तकातल्या पोरीसाठी गोड सोडलंय, असं? मग ते उठून न्हाई, पळून जातील."

ती खिडकीबाहेर पाहत होती. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मुलगा बरा हाय. त्यानं मला इचारलं, वाचायला आवडतं का. दुसऱ्या कुनी इचारलं न्हवतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी कविता करता न्हवं? मग उतरवा तिला."

मी कोरी वही काढली.

पाच दिवस मी वाचनालयाला आतून कडी घालून बसलो. बाहेर पाटी लावली, पुस्तकांची मोजदाद चालू आहे. आयुष्यात एवढं मन लावून मी काही लिहिलं नाही. लिहिता लिहिता मला वाटू लागलं की आपल्यात काहीतरी आहे, आणि हे एकदा वाटलं की माणूस वाया जातो. मी शेवट गंभीर केला. धुक्यात दगड रणजाईला वाट सांगतात, ती उतरते, पण भिंगरी तिला पाठीवर झेलून स्वतः प्राण सोडते. लिहिताना मी स्वतः रडलो. शाई दोन ठिकाणी पसरली.

वही गुळव्यांच्या हातात देताना मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. कागदाच्या टंचाईमुळे पुण्याहून खास वाचनालयांसाठी हातानं लिहिलेल्या प्रती आल्या आहेत.

त्यांनी वही हुंगली. मग बाकावर बसून, ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दुपारभर. मी रजिस्टरात तीच ती ओळ पुन्हा पुन्हा गिरवत होतो. शेवटचं पान झालं. बोटं घासली गेली. बराच वेळ.

"मास्तर, पुन्यास्नी एक चिठ्ठी लिवा."

"काय लिहू?"

"म्हनावं, पाक जळला." ते वही माझ्याकडे सरकवत म्हणाले. "पोरगी उतारली, ह्ये ब्येस झालं. पर आंधळ्या जनावरानं तिच्यावर भरवसा टाकून उडी घेतली, आन् तिनं त्येला मरू दिलं? ती पोर उद्याच्याला कुनाच्या तोंडाकडं बगंल? घोडी जित्ती पायजे."

"लिहितो," मी म्हणालो.

"आन् आनी एक. अघोरभट्ट आदीच्या आठ भागांत पुस्तकासारका बोलत हुता. ह्यात त्यो आष्ट्याच्या बाजारातल्यावानी बोलतोय. त्येंच्या ध्यानात आलं नसंल, सांगा त्यास्नी."

माझे कान तापले. गुळवे अगदी गंभीर होते. मिशीचा एक केस हलला नाही.

"उत्तर कवा येईल?"

"चार-पाच दिवस तरी..."

"सुपारी परवा हाय."

"मग परवा सकाळी येईल."

ते काठी टेकत उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "पुन्याचं टपाल लय झ्याक चालाय लागलंय." आणि गेले.

सुपारीच्या दिवशी सकाळी मी दुसरी वही घेऊन त्यांच्या घरी पोचलो तेव्हा पाहुणे घोंगडीवर बसलेले होते. मध्ये पाट, पाटावर सुपारी, शेजारी ताटात नव्या गुळाची ढेप. लेक आतल्या दारात. गुळव्यांनी मला पाहिलं, हात पुढे केला, वही घेतली आणि पाहुण्यांना म्हणाले की जरा थांबा, एवढं वाचून होऊ द्या.

आणि वाचू लागले. बोट ओळीखाली, ओठ हलते. माझी वही एकतीस पानांची होती. मी आयुष्यात तेवढं एकदाच माझ्या पाल्हाळाला शिव्या घातल्या.

चार पानं झाली. विट्याचे पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, चुळबुळले. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, काय वाचत्यात? माझ्या तोंडून निघून गेलं, पोथी. पाहुण्यांनी लगेच पागोटं सारखं केलं आणि मांडी घातली. मुलीच्या सुपारीच्या दिवशी पोथी पुरी करणारा बाप त्यांना भट्टीतून निघालेल्या सोन्यासारखा वाटला असावा. "मग मोठ्यांदा वाचा की," ते म्हणाले, "आमच्या बी कानावर पडंल."

गुळव्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पाहुणे पहिल्यांदा हात जोडून ऐकत होते. मशाली आल्या तेव्हा हात सुटले. अघोरभट्ट बोलला, या वेळी शुद्ध पुस्तकी बोलला, तेव्हा ते घोंगडीवर दोन वीत पुढे सरकले. हा कुठल्या देवाचा अवतार, असं त्यांनी एकदा विचारलं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. घोडी आंधळी आहे हे कळल्यावर त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. गुळव्यांचा आवाज खाली येत गेला. धुक्यात दगड बोलू लागले. डावीकडं, भिंगरे. आता पाय ताण. आता सोड. घरात एक बांगडी वाजली नाही. आणि मग चार खूर एकामागून एक ओल्या गवतावर टेकले. भिंगरीनं मान झाडली, आणि रणजाईनं तिच्या आयाळीत तोंड खुपसलं.

वही मिटली. गुळवे पाहुण्यांकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते आतल्या दाराकडे पाहत होते. दोन बोटं घासली गेली. मग त्यांनी हात लांब करून ढेपेचा कोपरा फोडला, खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दोन्ही गालांवरून पाणी मिशीत उतरलं.

"धरलं," ते म्हणाले.

विट्याच्या पाहुण्यांनी स्वतः होऊन खडा उचलला, तोंडात टाकला आणि सुपारी फोडायची विसरून, वहीवरचं 'भाग नववा' पाहून विचारलं, "ह्याच्या आदीचं आठ भाग हायत म्हनं? ते कुठं मिळत्यात?" सुपारी नंतर फुटली. पाहुणे जाताना माझ्याकडून पहिले तीन भाग घेऊन गेले. गुळव्यांचे व्याही म्हणून त्यांना नियम लावता आला नाही. ते भाग दोन वर्षांनी परत आले.

लढाई संपली. कागद आला. आणि एके दिवशी टपालानं खरा, छापील नववा भाग आला. मी उभ्या उभ्या, जोडलेली पानं फाडत, तो वाचला. रणजाई उतरते. भिंगरी सोळाव्या पानावर मरते. पहिल्या खेपेला मला सुचलं होतं जवळजवळ तसंच. दुसऱ्या कुठल्या लेखकाला याचा आनंद झाला असता.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. मी पुस्तक बैठकीखाली सरकवलं, पण त्याचा एक कोपरा बाहेर राहिला. गुळवे बाकावर बसले. त्यांनी तो कोपरा पाहिला. मीही त्यांनी पाहिलेलं पाहिलं. त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"खावा, मास्तर," ते म्हणाले. "तोंड कडू झाल्यागत दिसतंय."

त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही.

पुढच्या एका हंगामात शेतकरी दिवस लावायला आले, तर गुळवे अंथरुणावर होते. त्याच अंथरुणावरून त्यांनी त्या वर्षीच्या पहिल्या गुळाचा खडा चाखून "धरंना" म्हटलं, आणि चार दिवसांनी गेले. त्यांची लेक विट्याहून आली होती. दिवस झाल्यावर ती वाचनालयात आली आणि माझ्यापुढे ती एकतीस पानांची वही ठेवली. वडिलांच्या उशाखाली होती म्हणाली. भिंगरी जिथे उतरते ते पान उघडायला त्रास झाला. तिथे एक गुळाचा अंगठा उमटला होता आणि पान पानाला चिकटलं होतं.

"ही पुस्तकांत घ्या," ती म्हणाली. "रीतसर."

मी सांगितलं ना, मला तिचा धाक आहे. मी रजिस्टर काढलं आणि आठव्या भागापुढे लिहिलं: भाग नववा, हस्तलिखित. छापील प्रत कपाटामागे पडली, आणि मी ती काढायच्या भानगडीत पडलो नाही.

तेव्हापासून आष्ट्यातली पोरं तीच वही वाचतात. इतरत्र जाऊन तुम्ही विचारलंत तर लोक सांगतील की ती घोडी कड्याखाली मेली. पुण्यात मेली, साताऱ्यात मेली, आठ कोसांवर सांगलीतसुद्धा मेली. आष्ट्यात मात्र ती अजून जिवंत आहे. आणि पावसाळी हवेत त्या पानाशी मुंग्या येतात.